खुनाचा खटला आणि परीराणी एकाच लेखणीतून? शिरस्तेदारकाकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही सोलापूरच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालात. खटल्यांची कागदपत्रं वाचण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे बड्या घरांतल्या गाजलेल्या खुनांवर पुस्तक लिहायला घेतलंय: बावला, नानावटी, डॉ. लागू. दुसरीकडे जुळे सोलापुरातल्या नातवंडांना रात्री सांगता सांगता परीकथांची एक वही भरली आहे, तीही छापायची आहे. मुलगी म्हणते, "बाबा, खुनाच्या पुस्तकावरचं नाव परीकथांवर कसं शोभेल? कोण आई ते पुस्तक घरात आणेल?" तुमचे प्रश्न तीन. दोन नावं घ्यावीत का? लहानांच्या गोष्टीत मारणं-मरणं कितपत चालतं? आणि खऱ्या माणसांविषयी लिहिताना हात कुठे आखडायचा?

नावाचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, तो शेवटी घेते. आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलते, कारण खरी अडचण तिथे आहे.

लेकीला भीती आहे ती खुनाची सावली परीकथांवर पडेल याची. मी इतकी वर्षं संपादन करते, दोन्ही प्रकारची हस्तलिखितं माझ्या टेबलावर येतात, आणि बिघाड बहुतेक वेळा उलट्या बाजूनं होतो. परीकथा गुपचूप खुनाच्या पुस्तकात शिरते आणि पुस्तक नासवते. तुम्ही नमुन्याला पाठवलेलं नानावटी प्रकरणच बघा. त्यातली पहिली ओळ अशी आहे: "शुभ्र गणवेशातला तो राजबिंडा नौदल अधिकारी संतापानं बेभान झाला होता, त्याच्या डोळ्यांत अंगार फुलला होता." काका, हा अंगार कुठल्या साक्षीदारानं पाहिला? कोर्टात असं वाक्य कुणी उच्चारलं असतं तर वकिलानं हरकत घेतली असती आणि ती तुम्हीच नोंदवली असती. घरी बसून लिहायला घेतलं की मात्र आपण राजपुत्र, राजकन्या आणि राक्षस शोधायला लागतो. माणूस श्रीमंत असला, देखणा असला, बंगल्यात राहत असला की हा मोह दुप्पट होतो. उच्चभ्रूंच्या गुन्ह्यांवरची निम्मी पुस्तकं याच मोहात बुडालेली आहेत.

तोच प्रसंग सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निकालपत्रात ज्या क्रमानं आहे, त्या क्रमानं मी लिहून दाखवते:

"२७ एप्रिल १९५९. दुपारी कमांडर नानावटीनं बायको, आपली दोन मुलं आणि शेजारचं एक मूल अशा सगळ्यांना गाडीतून चित्रपटगृहात नेऊन सोडलं. सहा वाजता खेळ सुटला की न्यायला येतो, म्हणून सांगितलं. तिथून तो आपल्या जहाजावर गेला. रात्री एकट्यानं अहमदनगरला गाडी चालवत जायचंय, असं कारण सांगून भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि त्या तपकिरी लिफाफ्यात घातल्या."

यात एकही विशेषण नाही म्हटलं तरी चालेल. लिफाफ्याचा रंग आहे, कारण तो नोंदीत आहे. अहमदनगरचं नाव आहे, कारण ते त्यानं सांगितलं होतं. आता हा परिच्छेद आणि तुमचा अंगार शेजारी ठेवून वाचा. अंगावर काटा कशानं येतो ते तुम्हालाच कळेल.

याच प्रकरणात तुमच्या दोन्ही वह्या एकमेकींना भेटतात. मेट्रो चित्रपटगृहात त्या दुपारी जो खेळ लागला होता तो 'टॉम थंब', म्हणजे अंगठ्याएवढ्या मुलाची परीकथा. पोरं आत पडद्यावर ती बघत बसली होती आणि बाप लिफाफा घेऊन आधी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या ऑफिसात आणि तिथे तो नाही म्हणून त्याच्या फ्लॅटवर गेला. असा योगायोग हाताशी आला की लेखकाचा तोल जातो. दोन पानं निरागसतेवर, दोन पानं नियतीवर. तसं करू नका. एक वाक्य द्या आणि पुढे चला. ती मुलं खरी होती, आणि त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. त्यांची नावं तर मुळीच घालू नका, खटल्याला त्यांचा काही उपयोग नाही.

पुढची हकिगत तुम्हाला पाठ आहे. तीन गोळ्या सुटल्या. झटापट झाली आणि त्यात रिव्हॉल्व्हर उडालं, असा बचाव होता. आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आला होता, कमरेला टॉवेल होता, आणि तो टॉवेल मेल्यावरही जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला नसता का, हा प्रश्न बचावाला शेवटपर्यंत नडला. ज्यूरीनं, म्हणजे खटला ऐकायला बसवलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, नानावटीला आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. मधल्या काळात 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं नानावटीला असा काही उचलून धरला की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जात होता. मुंबईच्या फुटपाथवर आहुजा टॉवेल आणि नानावटी रिव्हॉल्व्हर म्हणून खेळणी विकली जात होती. अख्ख्या शहरानं मिळून एक परीकथा रचली: शूर अधिकारी, भोळी परदेशी राणी आणि तिला फसवणारा राक्षस. ज्यूरीतले नऊ जण त्याच शहरात राहत होते. तुमच्या पुस्तकाचा विषय खरं तर हा आहे. नऊ मोठी माणसं गोष्ट ऐकायला बसली आणि आठ जणांनी ती खरी मानली.

एक बारीक दुरुस्ती. "हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला" हे वाक्य खोडा. ते जिकडेतिकडे छापलेलं सापडतं, म्हणून तुमच्याही प्रकरणात आलंय. या निकालानं ज्यूरीची पत गेली हे खरं, पण त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरीपुढे खटले चालले, आणि ती पद्धत कायद्यातून गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं.

बावला प्रकरणात हा मोह आणखी जबर आहे. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, मलबार हिल, मोटारीत मुंबईचा तरुण श्रीमंत व्यापारी अब्दुल कादर बावला आणि इंदूर दरबारातून निसटलेली मुमताज बेगम. दुसरी मोटार येऊन थडकते, बावलाला गोळ्या लागतात, मुमताजच्या चेहऱ्यावर वार होतात, आणि नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचतात. त्यातला एक जण गोल्फची काठी घेऊन मारेकऱ्यांवर धावतो. सोन्याच्या पिंजऱ्यातली राजकन्या, दुष्ट राजा आणि वेळेवर येणारे घोडेस्वार, सगळं आयतं. तुमची लेखणी इथे घसरेलच, तेव्हा दोन गोष्टी सांभाळा.

तिघांना फाशीची शिक्षा झाली, हे नोंदीत आहे. एका आरोपीचे वकील मोहम्मद अली जिना होते, तेही नोंदीत आहे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना इंग्रज सरकारनं दोन वाटा दिल्या, चौकशी आयोगाला सामोरं जा नाही तर गादी सोडा, आणि १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली, हेही आहे. त्यांच्यावर खटला मात्र कधी चालला नाही. तेव्हा "महाराजांच्या हुकमावरून" हे शब्द तुमच्या पुस्तकात येता कामा नयेत. पुरावा जिथे थांबला तिथे तुम्हीही थांबायचं. वाचक चिडेल, म्हणेल मग खरा सूत्रधार कोण? चिडू द्या. दुसरी गोष्ट आपल्या गावाची. सोलापुरात होळकर नावाला मान आहे, विद्यापीठच अहिल्यादेवींच्या नावानं आहे. एका माणसाच्या वागण्यावरून "होळकर घराण्याचा विलास" असं सरसकट लिहाल तर ते खोटंही ठरेल आणि उगाच शंभर लोकांना दुखवाल.

लागू खटला या तिघांत मला सगळ्यांत भयानक वाटतो. तिथे राजवाडा नाही, गणवेश नाही, फक्त पुण्यातली एक सधन विधवा आणि तिच्या विश्वासातला डॉक्टर. नोव्हेंबर १९५६ मध्ये लक्ष्मीबाई कर्वे डॉ. अनंत लागूंबरोबर रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्या वारल्या. रुग्णालयात त्यांचं नाव भलतंच सांगितलेलं होतं. प्रेत बेवारस ठरलं. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. तरीही परिस्थितीजन्य पुराव्यावर लागूंना फाशीची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली.

पण तुम्ही ज्यावर जेमतेम दोन ओळी लिहिल्यात ते खरं प्रकरण आहे: पत्रं. लक्ष्मीबाई गेल्यावर त्यांच्या नावानं नातेवाइकांना पत्रं येत राहिली. आपण तीर्थयात्रेला निघालोय, मग कुणा जोशींशी लग्न केलंय, राजस्थानात राठोडी नावाच्या गावी सुखात आहोत, आपली काळजी करू नये. म्हणजे परीकथेचा शेवट खुनी स्वतःच लिहून टपालात टाकत होता, आणि तिकडे तिची मालमत्ता हलत होती. या पत्रांवर दहा पानं लिहा, काका. निकालपत्रात ती सविस्तर आहेत. कोणतं कधी आलं, कुणाला आलं, हस्ताक्षराबद्दल काय म्हटलंय, घरच्यांना शंका केव्हा आली. कागद वाचायची तुमची नजर इथे कामाला येईल. मी वाचक म्हणून एवढ्यासाठीच पुस्तक विकत घेईन.

आता लहानांकडे येते.

तुम्ही लिहिलंय की नातवंडांसाठी तुम्ही गोष्टी "सौम्य" केल्यात. लांडगा शेवटी माफी मागतो, राक्षस शाकाहारी होतो. हे वाचून मी कपाळावर हात मारला, माफ करा. ज्या माणसानं शिक्षेचे इतके हुकूम स्वतःच्या हातानं फायलीत लावले त्यानं असं करावं?

अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागातल्या एका बालवाडीत मी अधूनमधून गोष्टी सांगायला जाते. पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, आणि गल्लीत दोन्हीची मिसळ. एकदा मुद्दाम लाल टोपीवालीची जुनी फ्रेंच गोष्ट सांगितली, १६९७ मध्ये शार्ल पेरोनं छापली ती. तिच्यात शिकारी येत नाही. लांडगा आजीला खातो, मुलीला खातो, गोष्ट संपते. पोरं गप्प. मग पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "मग?" म्हटलं, मग काही नाही, संपली. "अशी कशी संपली टीचर? लांडगा कुठंय?" दुसऱ्याचा प्रश्न आला, पोलीस आले का. तिसरा म्हणाला, पोलीस नको, सगळे मिळून मारू. पाच मिनिटांत त्यांनी लांडग्याला धरलं, बांधलं आणि पोट फाडून आजीला बाहेर काढलं. शिकाऱ्याची गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती. पोट फाडताना एकही मूल घाबरलं नाही. घाबरली होती ती लांडगा मोकळा सुटला तेव्हा.

लहान मुलाला मरण, मारणं, खाणं यांचं वावडं नसतं. आपली भोपळ्यातली म्हातारी आठवा. वाघ, कोल्हा सगळे तिला खायला टपलेत, आणि ती त्यांना शांतपणे सांगते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. तीन वर्षांचं पोरही यावर खिदळतं. त्याला हिशेब लागतो. केलेल्याचं काय झालं, ते समजलं पाहिजे. ज्यांनी हिशेब काढून टाकला त्यांनी गोष्ट सौम्य केली नाही, भीतिदायक केली. शिक्षेचं वर्णन लांबवायचं नाही, एवढंच पथ्य. ग्रिम बंधूंच्या हिमगौरीत दुष्ट राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात. ते एका वाक्यात आहे. त्याची तीन वाक्यं झाली की ती क्रूरता होते.

ग्रिम बंधूंचं उदाहरण तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण हा तुमचाच पेच त्यांच्यापुढेही होता. १८१२ मध्ये त्यांच्या संग्रहाची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात एक गोष्ट होती, खाटीकखाटीक खेळणाऱ्या मुलांची. पाच-सहा वर्षांची पोरं खेळायला बसतात. एक खाटीक होतो, एक स्वयंपाकीण, एक डुक्कर. आणि खाटीक झालेलं पोर डुक्कर झालेल्या पोराच्या गळ्यावर खरोखरीची सुरी चालवतं. गावचे कारभारी बसतात. मुलानं अजाणतेपणी केलं हे दिसतंय, पण शिक्षा काय द्यायची कुणाला सुचत नाही. एक म्हातारा तोडगा काढतो. न्यायाधीशानं एका हातात छानसं लाल सफरचंद धरावं, दुसऱ्या हातात नाणं, आणि मुलाला बोलवावं. सफरचंद घेतलं तर सोडून द्या, नाणं घेतलं तर देहदंड. मूल हसत हसत सफरचंद उचलतं आणि सुटतं.

ही गोष्ट आली कुठून? बर्लिनच्या एका वर्तमानपत्रातून. म्हणजे वृत्तपत्रातला खुनाचा मजकूर उचलून परीकथांच्या पुस्तकात गेला होता. मित्रांनी आक्षेप घेतला, हे पुस्तक आईनं मुलाच्या हाती कसं द्यायचं? १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गोष्ट गायब झाली. त्याच आवृत्तीत हिमगौरीच्या सख्ख्या आईची सावत्र आई झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांत जंगलात सोडलेल्या भावाबहिणीच्या आईचंही तेच झालं. सगळ्या सावत्र आयांची बदनामी झाली, त्यातला बराच भाग त्या संपादकीय कात्रीचा आहे.

सफरचंदाच्या गोष्टीवर तुम्ही कोर्टातले म्हणून थांबाल, याची मला खात्री आहे. आपल्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २० आहे. सात ते बारा वयाचं मूल असेल तर त्याला आपल्या कृत्याचे परिणाम समजण्याइतकी जाण होती का, हे पाहिलं जातं. सफरचंद की नाणं, हीच ती परीक्षा. ही गोष्ट तुम्ही परीकथांच्या वहीत घालू नका, खुनाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत घाला. तिथे ती शोभेल, आणि दोन्ही पुस्तकं एकाच माणसाची का आहेत हेही वाचकाला न सांगता कळेल.

निळ्या दाढीच्या सरदाराची गोष्ट तुमच्या वहीत आहे, ती मात्र काढा. बायकांचे मृतदेह कोंडलेली खोली, रक्त लागलेली किल्ली. नऊ-दहा वर्षांच्या पुढे ठीक, पाच वर्षांच्या पोराला नको. त्यातला नवरा हाच राक्षस आहे आणि तो घरातच आहे. वाघ जंगलात असतो, त्याला घाबरून आईच्या कुशीत शिरता येतं. बरं, तिच्या टीपेत तुम्ही लिहिलंय की ही गोष्ट फ्रान्सच्या जिल द रे या सरदारावरून रचली. तो १४४० मध्ये मुलांच्या खुनांसाठी फाशी गेला, हे खरं. गोष्टीशी त्याचा संबंध जोडतात, तोही खरा, पण तो पुराव्यानं सिद्ध नाही. त्यानं बायका मारल्या नव्हत्या, एवढ्यावरूनच शंका यायला हवी.

आणि वहीतल्या गोष्टींची गावं. तुमच्या एका परीकथेत परी सिद्धेश्वर तलावातून निघून भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर बसते आणि गड्ड्याच्या जत्रेत हरवते. फार गोड आहे, ठेवा. पण दुसऱ्या एका गोष्टीत लोभी सावकार राहतो त्या वाड्याचं वर्णन इतकं हुबेहूब आहे की सोलापूरचं शेंबडं पोरही तो वाडा ओळखेल. चांगल्या गोष्टी खऱ्या ठिकाणी घडू द्या. दुष्ट माणसाला आटपाट नगरात पाठवा. खुनाच्या पुस्तकात याच्या बरोबर उलटं: तिथे आटपाट नगर चालत नाही, "एका बड्या उद्योगपतीच्या घरी म्हणे" असली वाक्यं कापायची. नाव घ्यायचं तर कागदासकट घ्या, नाही तर प्रसंगच गाळा.

छपाईच्या अंगानं थोडंसं. परीकथांचं पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यात बसवा, एका गोष्टीला एक फर्मा पुरे. अक्षर मोठं ठेवा, अठरा पॉइंटच्या खाली नको. पहिली-दुसरीचं मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरं जपून वापरा. "ऐश्वर्यसंपन्न" राजा त्याला अडखळवतो, "श्रीमंत" राजा नाही. चित्रकाराला गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा, नुसती टाइप करून पाठवू नका. आणि प्रत्येक गोष्ट छापायला देण्याआधी एकदा नातवंडांसोडून दुसऱ्या मुलांना ऐकवा. आपली नातवंडं आजोबांच्या सगळ्या गोष्टींना छान म्हणतात.

खऱ्या माणसांविषयी. न्यायालयाचा निकाल हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. १९९४ च्या राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की न्यायालयीन आणि इतर सार्वजनिक नोंदींच्या आधारे लिहायला त्या माणसाची परवानगी लागत नाही. निकालपत्रातला मजकूर उद्धृत करायला कॉपीराइटचीही सहसा आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ऑनलाइन फुकट मिळतात, तेव्हा कुणाच्या पुस्तकातून उतरवत बसू नका, मूळ वाचा. नोंदीबाहेर पाऊल टाकलंत की बदनामीचं कलम उभं राहतं. न्याय संहितेत ते ३५६ आहे. माणूस मेलेला असला तरी घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलेलं बदनामीत येऊ शकतं, हे त्या कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणातच आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करायची नाही. अल्पवयीन मुलाची, मग ते आरोपी असो, पीडित असो की साक्षीदार, ओळख छापायची नाही. जुन्या वर्तमानपत्रातले फोटो जुने आहेत म्हणून फुकट आहेत असं समजू नका, परवानगी मागा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे, त्यावर जरा कडक बोलते. नोकरीत असताना पाहिलेली, ऐकलेली इथल्याच काही घरांची प्रकरणं शेवटच्या भागात घालायची आहेत म्हणता. निकाल लागलेलं, नोंदीत असलेलं घाला. पण चेंबरबाहेरच्या बाकावर ऐकलेलं, समझोता होऊन मिटलेलं, घटस्फोटाच्या फायलीत वाचलेलं, हे तुमच्याकडे खुर्चीमुळे आलं होतं. ते तुमचं नाही. सोलापूर मोठं गाव असलं तरी बड्या घरांचं सोलापूर नवी पेठ ते होटगी रोड एवढंच आहे. नाव बदललं तरी तिसऱ्या पानावर सगळे ओळखतील, आणि जिची कहाणी आहे ती बाई कदाचित रोज सकाळी तुमच्याच बागेत फिरायला येत असेल. तो भाग मी छापायला घेणार नाही.

आता नाव. कायद्यानं टोपणनावाला काही अडचण नाही. फरक एवढाच की स्वतःच्या नावानं लिहिलंत तर कॉपीराइट तुमच्या मागे साठ वर्षं राहतो, आणि टोपणनावानं लिहून खरं नाव शेवटपर्यंत उघड केलं नाही तर प्रकाशनापासून साठ वर्षं. नातवंडांना हक्क राहावेत असं वाटत असेल तर खऱ्या नावात फायदा आहे. दुकानाच्या दृष्टीनं म्हणाल, तर आई पुस्तक उचलते ती चित्र बघून आणि पहिलं पान वाचून. लेखकानं आणखी काय लिहिलंय हे मलपृष्ठावर तुम्ही छापलं नाहीत तर ती शोधायला जात नाही. म्हणून माझं मत: दोन्हीकडे एकच नाव, पण परीकथांच्या मलपृष्ठावर खुनाच्या पुस्तकाची जाहिरात नको, आणि दोन्ही प्रकाशनं एका समारंभात नकोत. मुलीला तरीही अवघड वाटत असेल तर परीकथांवर नुसतं "आजोबा" आणि आडनाव घाला. तिच्या शाळेत, तिच्या मैत्रिणींत पुस्तक जाणार आहे, तिच्या म्हणण्याला वजन आहे.

पुढच्या खेपेला नानावटी पाठवू नका, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. लागू प्रकरणातल्या पत्रांचा भाग तारखांसकट पाठवा, आणि वहीतली ती जत्रेत हरवलेल्या परीची गोष्ट. ती दोन्ही मी आधी वाचेन.